तिसरी निविदा

सोमवार, ६ जानेवारी

निवृत्त बाईने दिवस कसा घालवावा यावर आमच्या अक्काकडे रोज नवी सूचना तयार असते. परवा विणकाम होतं, काल भिंतींना रंग. आज मात्र तिची बोलती बंद झाली. सुरक्षा ठेकेदार संघाचे अध्यक्ष स्वतः घरी आले. चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवल्या आणि म्हणाले, "बाई, निविदा शाखेत तुमच्या हाताखालून गेलेला कागद कधी परत आला नाही, असं ऐकून आहे. आमच्या नव्या मंडळींना जरा शिकवा."

नवी मंडळी म्हणजे छोटे ठेकेदार. गोदामं, दुकानं, बांधकामं यांना दहा-वीस गार्ड पुरवणारे. सरकारी काम हवं तर निविदा भरावी लागते, आणि निविदा म्हटली की हे दहा हात लांब पळतात. अध्यक्षांची स्वतःची एजन्सी शहरात सगळ्यात मोठी. तरी आपल्याच उद्याच्या स्पर्धकांना शिकवायला निघालेत! मी तसं बोलूनही दाखवलं. ते हसले. "बाई, चार दुकानं असली तरच बाजार भरतो."

केवढं मोठं मन. ते गेल्यावर अक्का म्हणाली, "आवळा देऊन कोहळा काढणारा दिसतोय." कुणाचं चांगलं पाहिलं की हिच्या पोटात दुखतं. मी होकार कळवून टाकला.

गुरुवार, १६ जानेवारी

संघाचं कार्यालय टायरच्या दुकानावर आहे. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की मला थांबावं लागतं. मी थांबले की सगळे वह्यांमधून मान वर करतात, जणू काही महत्त्वाचं सांगायचं राहिलंय. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

वर्गात सगळे पुरुष आणि एकच बाई. गळ्यात शिट्टी. मी नाव विचारायच्या आतच मागून कुणीतरी म्हणालं, "ही आमची शिट्टी." तीही हसली. आधी दुसऱ्याच्या एजन्सीत गार्ड होती, मग स्वतःची काढली. सध्या तिचं काम एकच: सरकारी हॉस्पिटल. आधीचा ठेकेदार मध्येच पळाला तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी हिला म्हटलं, तात्पुरती माणसं उभी कर. ते तात्पुरतं आजतागायत चालू आहे, कारण कामाची निविदा दोनदा काढली आणि दोनदा पडली. नियम साधा आहे. तीन पात्र निविदा आल्या नाहीत तर दराची पाकिटं उघडायचीच नाहीत. दोन्ही वेळा दोनच आल्या, एक अध्यक्षांची आणि एक त्यांच्या साडूंची. तोवर हिला मुदतवाढ मिळत राहते, एका वेळी तीन महिन्यांची.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मैदानात फक्त दोघं! निविदा शाखेत इतकी वर्षं काढली, एवढी कमी गर्दी क्वचितच पाहिली असेल. मी तिला वर्गानंतर थांबवलं आणि म्हटलं, "तू भर. मी भरून घेते तुझ्याकडून."

अध्यक्ष दारातच उभे होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी दोघींसाठी चहा मागवला.

मंगळवार, २१ जानेवारी

शिट्टीच्या घरी गेले होते. दोन खोल्या. एका दोरीवर गणवेशाचे शर्ट वाळत घातलेले, त्यांच्या खालून वाकून आत जावं लागतं. तिचा नवरा तिच्याच एजन्सीत गार्ड आहे, हॉस्पिटलच्या मोठ्या फाटकावर. बोलायला भयंकर सावकाश. एकेक शब्द तपासून आत सोडतो.

म्हणाला, "बाई, चाललंय ते बरं चाललंय. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं?"

"हातचं कसलं हो?" मी म्हटलं. "मुदतवाढ म्हणजे भाड्याच्या घरात खिळे ठोकणं. उद्या एक कागद निघाला की तुम्ही सगळे बाहेर."

"तो कागद दोन वर्षं निघाला नाही."

"म्हणून निघणार नाही असं कुठे आहे?"

तो उठून दोरीवरचे शर्ट सारखे करायला लागला. मला वाटलं, जिंकले. शिट्टी मात्र मध्येच बोलायला लागली आणि थांबेना. "बाई, मुदतवाढीचं पत्र येईपर्यंत मला घास गिळत नाही. माझ्याकडे निम्म्या बायका आहेत. उरलेले पन्नाशीच्या पुढचे. त्यांना दुसरी कुठलीही एजन्सी घेत नाही, उंची बघतात, वय बघतात. दर वेळी ते विचारतात, पुढच्या महिन्यात आहे ना? मी काय सांगू? एकदा पक्कं काम मिळू दे. मग मी सगळ्यांना तोंड वर करून सांगेन की तीन वर्षं कुणी हलवत नाही."

हे काम गेलं तर हिच्याकडे काही उरत नाही, हे मला आज नीट कळलं. म्हणूनच भरायला हवं. मी नवऱ्याचं नाव 'ब्रेक' ठेवलं. शिट्टीला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. त्याने ऐकलं असावं. तोही थोडासा हसला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

निविदा निघाली! आणि आनंदाची गोष्ट म्हणजे उलाढालीची अट निम्म्यावर आणलीय. मागच्या दोन्ही वेळच्या अटीत शिट्टी बसली नसती, आता बरोबर बसते. जणू मापं घेऊन शिवलीय. छोट्यांना उत्तेजन द्यायचं धोरण म्हणतात ते हेच. अध्यक्षांचा फोन आला, "बाई, आता तुमची विद्यार्थिनी पात्र होईल ना? बारीकसारीक कारणाने बाद नको व्हायला."

"माझ्या हातून?" मी म्हटलं.

"नाही नाही, तुमच्याबद्दल शंकाच नाही."

अक्का भाजी निवडता निवडता म्हणाली, "याला हिची एवढी काळजी का गं?" मी तिला सांगितलं की सगळेच लोक तुझ्यासारखे नसतात. ती म्हणाली, "हो, तेही खरंच."

शनिवार, ८ फेब्रुवारी

हॉस्पिटलचा अनुभवाचा दाखला एका दिवसात मिळाला. वर चहासुद्धा. आमच्या काळी असल्या दाखल्यासाठी ठेकेदारांच्या चपला झिजायच्या. काळ बदललाय हे मान्य करायला हवं.

दिवसभर दरावर बसलो होतो. आठवड्याच्या सुट्टीला बदली गार्ड धरायचा, विमा धरायचा, गणवेश धरायचा. शिट्टी सारखी म्हणत होती, "बाई, जरा कमी करूया का?" मी ऐकलं नाही. कायद्याने जे द्यायचं ते धरलंच पाहिजे, आणि त्यावर एजन्सी चालेल एवढा सेवा आकार. त्याखाली जाणारा एक तर गार्डांना फसवेल, नाहीतर स्वतः बुडेल. असा दर पाहून कुठलीही समिती खूश होईल. मी झाले असते.

अनामत रकमेची हमी संघाने घेतली. अध्यक्ष म्हणाले, "तिचं तेवढ्यावरून अडायला नको."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भरली. मुदतीच्या आत, शिस्तीत, एकही खाडाखोड नाही. अध्यक्षांनी पाकीट पोचवायला स्वतःची गाडी दिली! शिट्टी गाडीत पुढे बसायला तयार होईना. मागे माझ्या शेजारी बसली, पाकीट मांडीवर, त्यावर दोन्ही हात. रस्त्यात एकदा म्हणाली, "बाई, मी सातवीपर्यंत शिकले. माझ्या नावाचा एवढा जाड कागद मी कधी पाहिला नव्हता."

खूप बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काय लिहू.

आज माझ्या जुन्या शाखेत तांत्रिक पाकिटं उघडली, म्हणजे पात्रतेच्या कागदांची; दराची नंतर. तिन्ही निविदा पात्र. शिट्टीने माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. ती बाहेर नवऱ्याला फोन करायला गेली. तेवढ्यात आमच्या शाखेतला जुना कारकून, माझ्याच हाताखाली तयार झालेला, हातावर हात चोळत आला.

"बाई, सुटलो एकदाचे! दोन वर्षं हे गळ्यात अडकलं होतं. दोन होत्या, तिसरी सापडत नव्हती. साहेब म्हणायचे, कुठूनही एक पात्र तिसरी आणा, मग पुढचं आपोआप होतं. आणि आणली कुणी, तर तुम्ही! तुमचं काम म्हणजे प्रश्नच नाही."

मी म्हटलं, "पुढचं आपोआप म्हणजे?"

तो हसला. माझी थट्टा चाललीय असं त्याला वाटलं. "म्हणजे आता दर उघडतील ना. अध्यक्षांच्या दराखाली कोण जाणार?"

मी तिथे खुर्चीवर बसले. माझंच जुनं कार्यालय, मला प्रत्येक कपाट ओळखीचं, आणि मी कुठे आलेय ते कळेना. तिसरी आली नसती तर आजही निविदा पडली असती. पडली असती तर हॉस्पिटलला मुदतवाढ द्यावी लागली असती. कुणाला? शिट्टीलाच. तिचं काम टिकलं होतं ते निविदा पडत होती म्हणून. आणि ती तिसरी निविदा तिने स्वतःच उभी केली. तिने कसली, मी. नियम मला तोंडपाठ होता. वर्गात मीच तो फळ्यावर लिहिला होता.

शिट्टी आत आली. म्हणाली, "बाई, फाटकावर सगळे नाचतायत."

गुरुवार, २० फेब्रुवारी

तिच्या निविदेची प्रत काढून बसले. कुठेतरी चूक असणारच. एक सापडली तरी पुरे होती. मीच जाऊन सांगितलं असतं, साहेब, ही बाद करा, तपासणीत तुमच्या नजरेतून सुटलं. तीनच्या दोन झाल्या असत्या.

पृष्ठ क्रमांक बरोबर. तारखा बरोबर. साक्षीदारांच्या सह्या जागच्या जागी. पडताळणीचे दाखले प्रत्येक गार्डाचे, क्रमाने. दाखल्यांच्या मुदतीसुद्धा मी दोनदा तपासल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढून पोट भरलं आणि आज एक मिळेना.

माघार घेता येते का तेही पाहिलं. येत नाही. आता माघार घेतली तर ती काळ्या यादीत जाईल आणि दर तरीही उघडतील, कारण पात्र तीन ठरून बसलेत.

अक्काने जेवायला हाक मारली. भूक नाही म्हटलं. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुला फसवलं ना त्याने?" मी म्हटलं, नाही, त्याने कुठेच खोटं सांगितलं नाही. हे खरं आहे, आणि यानेच जीव जास्त जळतोय.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सांगून टाकायचं ठरवून हॉस्पिटलला गेले. शिट्टी कुठे आहे विचारलं तर बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराशी. तिथल्या बाईगार्डला आज बरं नव्हतं, म्हणून मालकीणच उभी होती. एका म्हातारीला हाताला धरून जिन्यापर्यंत सोडलं, दोन पुरुषांना गोड बोलून बाहेर काढलं आणि मला पाहून एवढं मोठं हसली.

"बाई, बसा. आमच्याकडे आता पाहुण्यांनाही खुर्ची मिळते. पक्कं काम झालं की सगळ्यांना पावसाळी बूट घेणार आहे. माप घेऊन ठेवलंय."

मी म्हटलं, "अगं, दर अजून उघडायचेत."

"उघडू देत की. तुम्ही म्हणालात ना, असा दर पाहून समिती खूश होईल."

मी तेच म्हणाले होते. शब्दन् शब्द. मग मी पाणी प्यायले, बाळंतिणींच्या वॉर्डातली रडारड थोडा वेळ ऐकली आणि घरी आले. सांगून तरी काय होणार होतं? चार दिवस आधी रडली असती, एवढंच. असं मी स्वतःला बसमध्ये समजावलं. आता लिहिताना वाटतं, मला भीती वाटली होती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उघडले. अध्यक्षांचा सेवा आकार इतका किरकोळ की त्यात गार्डांच्या टोप्याही येणार नाहीत. साडूंचा आपल्यापेक्षा खूप वर, हे तर ठरलेलंच. शिट्टी मधली. कायद्याने द्यायचं ते सगळ्यांनी धरलंय, आकार प्रत्येकाचा प्रत्येकाने ठरवायचा. बोट ठेवायला जागा नाही. समितीतले साहेब माझ्याच एका जुन्या टिपणीतला शब्द वापरून म्हणाले, "प्रक्रिया निर्दोष."

शिट्टीने मला विचारलं, "मधली म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे नाही." तिने मान हलवली, शिट्टी गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली की नवऱ्याची ड्युटी संपेल, मला जायला हवं.

जिन्यात अध्यक्ष भेटले. तितकेच नम्र. "बाई, तुमच्या विद्यार्थिनीचा कागद म्हणजे नमुना आहे नमुना. पुढचा वर्ग कधी घेऊ या? पाणीपुरवठ्याचं काम अडकलंय, ग्रंथालयाचंही. दोन्हीकडे दोनच येतात."

ते हे तोंडावर बोलले. लपवायचंही त्यांना सुचलं नाही. मी म्हटलं, मी शिकवणार नाही.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "तुमच्या टिपा आहेत ना आमच्याकडे. छान लिहिल्यात, कुणीही शिकवू शकेल."

सोमवार, १७ मार्च

मधल्या दिवसांत तीन ठिकाणी अर्ज केले. वरच्या साहेबांनी आपुलकीने बसवून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमची तक्रार नेमकी काय? तिची निविदा तुम्हीच बनवली, ती पात्र ठरली, स्पर्धा झाली, कमी दराला काम गेलं. नियम मोडला कुठे?" मला सांगता आलं नाही. नियम कुठेच मोडला नव्हता.

आज ताबा बदलला. मी का गेले माहीत नाही. नवे गार्ड ट्रकमधून उतरले, सगळे तरुण, उंच, एका मापाचे. शिट्टीच्या बायका भिंतीशी पिशव्या घेऊन उभ्या होत्या. गणवेश एजन्सीचे, म्हणून आपापले कपडे घालून आल्या होत्या. नव्या ठेकेदाराने जुन्यांपैकी मोजकेच ठेवले. फाटकावरचा ब्रेक त्यात आहे. डॉक्टरांच्या गाड्या तो ओळखतो, म्हणून घेतला असं कळलं. फाटक तेच, फक्त शर्ट दुसरा. बाह्या आखूड होत होत्या.

मी आत जायला लागले तर त्याने आडवा हात केला. "बाई, नाव लिहा. नवा नियम आहे."

मी लिहिलं. वर पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "तुमचं ऐकायला हवं होतं." तो नेहमीसारखा सावकाश म्हणाला, "तिला सांगू नका. तिला वाटतं तुम्ही तिच्यासाठी जिवाचं रान केलंत." मग मागे गाडीचा भोंगा वाजला आणि त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं.

रविवार, २३ मार्च

शिट्टी आली. घरकामाच्या दोन जागा बघून आली होती, एका ठिकाणी हो म्हणालेत. बरोबर निविदेची प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बसली नाही, सरळ टेबलावर प्रत ठेवली.

"बाई, माझं काय चुकलं ते सांगा."

"काही नाही गं."

"असं कसं? काही चुकल्याशिवाय जातं का? बायका विचारतात मला. त्या रोज फोन करतात, कधी बोलावताय म्हणून. मी त्यांना काय सांगू?"

"खरंच काही चुकलं नाही. अगदी बिनचूक होती."

"मन राखू नका," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "तुम्ही माझ्या गुरू. तुम्हीच जर चूक सांगितली नाहीत तर मी सुधारू कशी? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. वेड लागेल मला."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. म्हणणार होते, बाई गं, तू भरलंच नसतंस तर आज तुझी माणसं फाटकावर असती. तिचे डोळे सुजलेले होते. तिच्या नवऱ्याचं बोलणं आठवलं. त्याने न सांगण्याची विनंती केली म्हणून की माझीच लाज झाकायला म्हणून, मला ठरवता येत नाही, पण मी ती प्रत ओढून घेतली आणि पानं उलटत गेले. सगळी पानं चोख होती. कुठल्याशा एका पानावर मी बोट ठेवलं.

"हे बघ. इथे शिक्का जरा पुसट आलाय."

ती वाकली. पान खिडकीकडे धरून पाहिलं, अंगठ्याने हळूच घासून पाहिलं. शिक्का ठळक होता.

"हो की," ती म्हणाली. "आहे खरा पुसट." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. "तरीच! हात्तिच्या, एवढ्यासाठी गेलं होय? माझाच हात हलका पडला असणार. पॅड जुनं होतं, मला तेव्हाच वाटलं होतं."

अक्काने आणलेला चहा तिने उभ्यानेच घेतला. एका बाईला तिथूनच फोन लावला आणि सांगितलं, चूक सापडली, बाईंनी काढून दिली, छोटीशीच होती. जाताना माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पुढची निघाली की पहिला फोन मला करायचा हं, बाई. या वेळी शिक्के मी एकेक बघून मारेन."

मी हो म्हटलं.